डरकाळीच्या पुढची टेप

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्रमानवाची चाल: मोडक्या टाइपरायटरचा गाडा, खाली पत्र्याचं झाकण. यानाचा दरवाजा: फ्रिजचा कप्पा आणि सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा. उडणाऱ्या महावीराचा झगा: तुझी ओली चादर, गच्चीवर सतरा वेळा फटकारलेली. फाटली ती तेव्हाच. इतकी वर्षं मी मांजरावर ढकललं. किरणांची बंदूक: फुग्यावर ओलं बोट. परग्रहावरचा वारा: एकवीस बाटल्या आणि माझं तोंड. तिथल्या राक्षसाची डरकाळी: गुपित.

सगळं या दोन हातांनी, ध्वनिशास्त्राची पायरी न चढता. माझ्या जुन्या आवाजांची ही यादी चित्रपट कंपनीने मागितली आहे. तो राक्षसाचा चित्रपट ते नव्याने काढतायत, म्हणून जुना पुन्हा थिएटरात लागलाय. भाचीला घेऊन जा. भावजींना नेऊ नकोस, ते मध्यंतराआधीच घोरतात आणि माझा वारा बिघडवतात.

लोभ आहे तेवढा तरी राखावा.
तुझा,
खुडबुड्या

११ जून

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

चादरीचं भेटीत बघते! तुझी भाची म्हणाली, हल्लीचे महावीर शहरंच्या शहरं पाडतात तरी ती पॉपकॉर्न खात बसते. इथे नुसता दरवाजा उघडला तरी तिने पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

मग राक्षस गुहेतून ओरडला आणि मी ताठ बसले. मांडीवरचं मासिक झटकन पर्सखाली सरकवलं. पोरगी बघतच राहिली. बाबा दारात असेच खाकरायचे आणि आपण कादंबऱ्या लपवून अभ्यासाची पुस्तकं उघडायचो. खरं सांग, ते बाबाच ना? खाकरून झाल्यावर पुढे काय म्हणाले? त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. आवाज कुठेच नाही रे आपल्याकडे, आणि मला तो आठवेनासा झालाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न.

बाबाच. दाराच्या पडद्यामागे माइक बांधला, टेप चालू केली आणि मी घराबाहेर थांबलो. त्यांना पत्ताही नव्हता. वेग एक तृतीयांश केला (निम्मा नव्हे, सगळे निम्मा लिहितात) आणि त्यात लोखंडी कपाट ओढल्याचा आवाज मिसळला. चित्रपट पाहून ते गंभीरपणे म्हणाले होते की त्या जनावराला कफ झालाय, कुणीतरी औषध द्या. मी मान डोलावून विषय बदलला.

पुढे काय म्हणाले ते मलाही ठाऊक नाही. पाच वाजता आवाज पोचवायचा होता. हवा तेवढा उतरवला आणि रीळ डब्यात टाकलं. मी, दुसऱ्यांच्या चुका काढत फिरणारा! आता टेपवरचा लेप सुटतोय, एकदाच वाजेल. कंपनीला रीळ न वाजवताच हवंय. त्यांचा संगणक त्या आवाजात नव्या राक्षसाकडून हवं ते वदवून घेईल. हक्क त्यांचे, आपल्याला प्रत नाही. रक्कम मोठी आहे. तू मोठी, तूच सांग.

खुडबुड्या

२४ जून

चि. खुडबुड्यास,
आशीर्वाद.

बाबांच्या तोंडी भलत्याने शब्द घालण्याआधी मला त्यांचे स्वतःचे ऐकायचेत. तुझ्या कष्टाच्या पैशावर पाणी सोडायला सांगतेय, याची लाज वाटते. तरी वाजव.

ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाजवली. प्रत सोबत आहे, पण आधी वाच. चपला काढल्याचा आवाज, मग आपली ती खाकर. मग सहा सेकंद काही नाही. मग बाबा माइकला तोंड लावून हळूच विचारतात, की एवढं पुरे का, की जरा जोरात करू. उत्तराची वाट न बघता पुन्हा खाकरतात. ताई, काय खाकरतात! फळीवरचे पेले वाजले. पहिलीपेक्षा दसपट सरस, आणि मी गाढवाने पहिली वापरली.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कफाचा शेरा स्वतःवरच होता, आणि मी कधी कबूल करतो याची ते वाट बघत बसले असणार.

भाचीला गोड पापा. माझ्यावर रुसू नये, एवढीच विनंती.
तुझा,
खुडबुड्या

ता. क. टेपचा भुगा झाला, तसं कंपनीला कळवलं. आता त्यांना आपली प्रत हवी होती, दुसऱ्या खाकरीसकट, आणि आपल्याकडे काहीही न ठेवता. नाही म्हणालो. आधी नऊ लाख देत होते, शेवटी साडेबारा.