हजेरीच्या कागदावरचं नाव

लोअर हट, १२ ऑगस्ट २००६

शिरीषदादा,

माझ्यासोबत वॉर्डात काम करणारी नर्स डार्लीन लाकोटा आहे, म्हणजे अमेरिकेतली मूळ रहिवासी. काल चहाच्या वेळी तिनं शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी शिरगणतीची प्रत दाखवली. तीत तिच्या पणजीचं लाकोटा नाव होतं. ती सगळ्यांसमोर रडली, सगळ्यांनी तिला मिठी मारली. मी नाही मारली. माझा नुसता जळफळाट झाला.

"आणि तुझी माणसं, मृणालिनी?" तिनं विचारलं.

"आमची कुठं काही नोंद नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. सोलापूरच्या सेटलमेंटात, तारेच्या कुंपणाआड, जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या आपल्या फासेपारध्यांची इंग्रज सरकार रोज हजेरी घेई. त्या हजेरीच्या कागदावर आजोबांचं नाव आहे आणि तो कागद तुझ्या कपाटात आहे. बाबांनी आडनाव बदललं, तू मला गप्प राहायची शपथ घातलीस. डार्लीनच्या माणसांनाही सरकारनं असंच मोजलं, पण तिला तो कागद मिरवता येतो!

आज पार्किंगमध्ये तिला गाठून म्हटलं, "माझे आजोबा झुंबऱ्या." तिला 'झ' जमेना. चारदा म्हणून पाहिलं आणि मग विचारलं, "दिसायला कसे होते?"

मी त्यांना कधी पाहिलंच नाही.

तुझ्या लेकीचं, अनुष्काचं लग्न ठरतंय, आपली जात आत्ता उघडी पडायला नको, म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण दादा, तू आजोबांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलीस. तेव्हा माझा जन्मही नव्हता. आता मला डार्लीनचा नाही, तुझा हेवा वाटतो.

तुझी धाकटी,
मृणालिनी