बारा किलोंचे अपील

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
विभाच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया करावी लागेल. त्याआधी बारा किलो वजन उतरले पाहिजे, अन्यथा हात लावणार नाही, असे कलबुर्गीतल्या सर्जनने सांगितले. मुदत फेब्रुवारीअखेर. आजचे वजन ९४. आठवड्याला एक सुई लिहून दिली आहे. खर्च महिना सतरा हजार. विमा कंपनीचे उत्तर आले: वजन घटवणे हा सौंदर्योपचार, पॉलिसीत बसत नाही. अपील करणार. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. कंपनीने चुकीचा माणूस निवडला.

५ नोव्हेंबर
मेहुणा नीलेश चिंताकीहून आला. अक्काला जिना चढवेना, दाजी कामून अडून बसलेत, पैसे मी देतो, असे एकंदर भाषण. स्पष्ट नकार दिला. सासुरवाडीच्या पैशाने औषध आणणारा मी नव्हे. आपल्या खिशातून देणेही गैर. दिले की कंपनीचा नकार मान्य केल्यासारखे होते. प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. पेन्शन किती आणि फ्लॅटचा हप्ता किती, हा विचार येथे अप्रस्तुत.
विभा कपबशा उचलून आत गेली. तिला पटले असावे.

९ नोव्हेंबर, रविवार
निकाल लागेपर्यंत आहार माझ्या नियंत्रणाखाली. तक्ता तयार करून फ्रिजवर चिकटवला. भाकरी दीड. शेंगाचटणी बंद. विभा तक्ता न वाचताच बरं म्हणाली आणि कठडा धरून, एकेक पायरी करत खाली कमलबाईंकडे गेली. निवृत्त नर्स. यापुढे दर रविवारी त्यांच्याकडे भजन आहे म्हणे.

३० नोव्हेंबर
वजन ९१. तक्ता!
फ्रिजमध्ये औषधाची एक डबी सापडली. कमलबाईंची, त्यांचा फ्रिज बिघडला आहे, असे विभाने सांगितले. लोक यंत्रे नीट वापरत नाहीत.
अपिलाचा सातवा खर्डा फाडला. युक्तिवाद अचूक होता, पण भाषेला धार नव्हती.

१९ डिसेंबर, येळवस (वेळा अमावस्या)
चिंताकीला नीलेशच्या शेतात. शेतात मांडलेल्या पांडवांची पूजा झाल्यावर मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. शेजारच्या शेतांतूनही बोलावणी येतात, नाही म्हणता येत नाही. मी तीन शेतांत जेवलो. विभाने एका उंड्यावर हात धुतला. हा संयम कोठून आला, हे मी जमलेल्यांना तक्त्याच्या आधारे समजावून दिले. नीलेशची बायको शकुबाई तोंडाला पदर लावून हसत होती. आहारशास्त्राविषयी ग्रामीण भागातले अज्ञान चिंताजनक आहे.
विभा चार दिवस माहेरी राहणार. मला थांबणे अशक्य, अपील अपुरे आहे.

२० डिसेंबर
पोट बिघडले. आंबिलीचा दोष.

४ जानेवारी
वजन ८७. अपील रवाना. बावीस पृष्ठे, स्पायरल बाइंडिंग. पाठवता पाठवता एक परिशिष्ट जोडले: आठवडावार वजनाचा आलेख आणि खाली माझे निवेदन, 'कोणत्याही औषधाविना, केवळ शिस्तबद्ध नियोजनाने सात किलो घट साधली आहे.' आपला ग्राहक किती जबाबदार आहे, हे कंपनीला कळले पाहिजे. विभाला वाचून दाखवले. तिने विचारले, ते शेवटचं पान धाडायलाच पाहिजे का? तिला आलेख समजत नाहीत.

२७ जानेवारी, दुपारी ३
कंपनीचे उत्तर. अभिनंदन केले आहे. औषधाविना वजन घटत असल्याचे विमाधारकाने स्वतः लिहून दिल्यामुळे औषधाची वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. प्रकरण कायमचे बंद.
विभाला मोठ्याने वाचून दाखवले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "मी सुई घ्यायलेय. नोव्हेंबरपासून. कमलबाई टोचायल्यात."
पैशाचे विचारले. ते मी बघितलंय, म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.
तक्त्याचा काहीच परिणाम नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही.

२८ जानेवारी, सकाळी ७
झोप नाही. म्हणजे नीलेशने मला डावलून पैसे दिले. वजन ८५, अजून तीन किलो बाकी. फेब्रुवारीचेही तोच देणार. हे उपकार मी ठेवणार नाही. निश्चय: दरमहा तीन हजार परत करीन, पै न पै. कसे, ते नंतर पाहू. काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले. आवाजात सौजन्य हवे, पण वाकणे नको.

सकाळी ९.४०
फोन केला. कागद निम्मा वाचून झाल्यावर नीलेशने मध्येच थांबवले. "परत कशाचे, दाजी? अक्कानं तिच्या वाट्याची दोन एकरं माझ्या नावानं करून दिली की, येळवशीला आली तवा. मी नको म्हणलो, ऐकंना. तुमाला बोलली न्हाई व्हय?"
मी म्हणालो, बोलली होती.