सानवीच्या नावापुढचा शब्द

मंदार,

बांगड्याचं तिखलं झाकून ठेवलंय. गॅस बंद आहे, दोनदा बघितला.

रिफंड आला. हो, तुझ्या इन्कम टॅक्सचा. रिटर्न भरताना सानवीला ऐकू येत नाही हे तू लिहिलंच नव्हतंस. मी ते दुरुस्त करून परत भरलं, अपंगत्वाची वजावट घेतली. पोरीच्या नावापुढे तो शब्द नको म्हणत होतास ना, त्याच शब्दाने पैसे आणले. ओटीपी तूच झोपेत सांगितलास, कशाचा ते विचारलंही नाहीस.

आईंना सगळं सांगितलं. आधी रागावल्या, आता आमच्याबरोबर निघाल्यात.

माळनाक्यावर तिचं कानाचं मशीन आणायला जातोय. आम्ही आलो की तिला पाठीमागून हाक मार. हळू आवाजात.

दीपाली