डबा रिकामा आला नाही

डोंबिवली, रविवार, जानेवारी १९९५

धाकटी जाऊ आज माझा स्टीलचा डबा परत द्यायला आली. सिंगापूरला निघताना मीच तिला त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या दिलेल्या. कशा झालेल्या, विचारलं.

"अहो वहिनी, खाल्ल्याच नाहीत! ह्यांच्या कंपनीच्या तिकिटावर लाऊंज होता ना. मऊ सोफे, एसी, हवं ते खा, सगळं फुकट. पुऱ्या तिथेच ठेवून आले."

म्हणजे आम्ही सगळे विमानतळाबाहेर काचेला नाक लावून हात हलवत होतो, तेव्हा ही सोफ्यावर! मी तर डोळेसुद्धा पुसले. कशाला?

आणि डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात लाऊंजमधल्या, विमान छापलेल्या साखरेच्या पुड्या. आमच्याकडे साखर नाही की काय? ती गेल्यावर डबा फळीवर ढकलून दिला.

मग शेजारच्या काकू चहाला आल्या. काय झालं मला कोण जाणे, डबा काढला आणि दोन पुड्या बशीत ठेवल्या.

"विमानतळावरच्या वाटतं?"

"हो. लाऊंजमध्ये ठेवलेल्याच असतात. सोफ्यावर आरामात बसायचं, हव्या तेवढ्या घ्यायच्या."

"अगंबाई, तू कधी गेलेलीस?"

मी दुसरी पुडी फोडून त्यांच्या चहात ओतली.