मिरी न घातलेले बांगडे

बाबा, आज कूलरची नवी खस भिजली आणि त्या वासात तुम्ही पुन्हा आलात, हातात बर्फाची थैली घेऊन. "समुद्राचे बांगडे आहेत गं, लगेच फ्रिजमध्ये टाक." आपण पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, समुद्रापासून लांब राहिलेली माणसं, नदीतल्या रोहूपलीकडे मासा ठाऊक कोणाला? मी हो म्हटलं आणि फोनवर बोलत बसले. थैली ओट्यावरच राहिली. इथला जून, चार तास.

जेवताना तुम्ही डोळे मिटून म्हणता, "जिभेला झोंबतंय. मिरी घातलीस का?" मी हो म्हणते. मिरी घातलीच नव्हती. मलाही झोंबत होतं. वाटलं, खाऱ्या पाण्यातला मासा असाच लागत असेल. अर्ध्या तासात तुमचा चेहरा लालबुंद झाला, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली. रिक्षात तुम्हीच माझा हात धरून म्हणत होतात, "वेडाबाई, काही होत नाही मला."

दवाखान्यातली ती दुपार अजून स्वप्नासारखी तरंगते. डॉक्टरांना हृदयाची शंका होती, छातीला तारा लावल्या होत्या. तरी त्यांनी विचारलं, "मछली तीखी लगी थी क्या?" तुम्ही म्हणालात, "वो तो बिटिया ने काली मिर्च डाली थी. क्या बनाती है!" मी गप्प. मग त्यांना माझी मान दिसली, तीही लाल. "दोनों ने एक ही मछली खाई?" मी मान हलवली. ते म्हणाले, मासा गरमीत बाहेर राहिला की त्यात विष तयार होतं, तळूनही जात नाही. "बाहर रखी थी?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मैं ही बासी ले आया." ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. थेंब पडत राहिले, लाली हळूहळू उतरली, तुम्ही घोरायला लागलात.

पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नकार्यात तुम्ही लेकीच्या मिरीवाल्या बांगड्यांचं कौतुक सांगितलंत. आज मिरीचा डबा धुताना आठवलं. त्या दिवशी सकाळी तुम्हीच तो विसळून खिडकीत उपडा घातला होता. "मिरी संपली गं," म्हणाला होतात. म्हणजे मी मिरी घातली नव्हती हे जेवतानाही तुम्हाला ठाऊक होतं.

हे पत्र मी त्या डब्याखाली ठेवणार आहे, दुसरीकडे पाठवणार तरी कुठे? पण एक सांगते. डॉक्टरांसमोर मी गप्प बसले ती भीतीनं नाही. तुमच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तुमच्या छातीला तारा लावलेल्या असतानाही ते थांबू नये असं मला वाटत होतं.