दाराबाहेरचे बूट

मंगळवार, संध्याकाळ. साकीनाका

आज हवालदार आमच्या खोलीत आला, बूट दाराबाहेर काढून बसला. खरंच आला ना? की मला झोप लागली होती?

गेल्या आठवड्यात वस्तीतल्याच एका माणसाने भरदुपारी घरात घुसून माझ्या बाळीच्या गळ्याला सुरी लावली, माझं मंगळसूत्र नेलं. तेव्हापासून दार दिवसाही बंद. जबाबाला चौकीवर ये म्हणून निरोप येत होते. कशी जाऊ? समोरच्या टपरीवर तोच बसलेला असतो.

शेजारची नलूमावशी महिला मंडळात जाते. ती म्हणाली, "गो पोरी, बाईमाणसाक जबाबासाठी चौकीत बोलवूक येणा नाय. कायदो आसा तसो. तेंकाच घराक येवक सांग."

मी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, जबाब घ्यायला घरीच या. माझ्याच तोंडाने.

आणि आला. मोज्यातून अंगठा बाहेर. "सावकाश सांगा ताई," म्हणाला. स्टोव्हपाशी बसून सगळं सांगितलं, त्या सुरीवाल्याचं नावपण. बाळी रांगत गेली नि त्या बुटात हात घालून बसली.

हवालदार गेला कधीच. मला उगीचच वाटतं, बूट अजून तिथेच आहेत, काळे, मोठे. बाळी उंबऱ्याशी पेंगतेय. वारा येतोय आत. दार लावायचं विसरलेच मी.