साखळी की पट्टा

अण्णा,

तुमच्या सुनेशी माझं भांडण झालं, आणि ते तुमच्यावरून झालं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोत तुमची मिशी ओळखू येईनाशी झालीय, तरी आम्ही दोघं बोलायला लागलो की तुम्ही मध्ये येऊन बसता. आणि बसता ते तिच्या बाजूला. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

मी कंपनी सोडून गाडी घेतली हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही असतात तर घेऊ दिली नसती. बोईसरला बाटल्यांना बूच लावायच्या ज्या मशीनवर मी होतो, तिच्या जागी नवीन मशीन आली, आणि तिला माणूस लागत नव्हता. मग जुना सहाचाकी ट्रक घेतला. सफाळ्याच्या आतल्या गावांत भाताचा पेंढा भरायचा आणि म्हशींच्या गोठ्यांवर नेऊन टाकायचा, हा धंदा. तुमची सून माझ्याबरोबर गाडीवर येते. कापणीनंतर पाऊस उलटून आला की शेतातल्या वाटा वरून वाळलेल्या दिसतात आणि आतून लोण्यासारख्या असतात. मागच्या हंगामात गाडी दोनदा रुतली, दोन्ही वेळेला लोकांच्या ट्रॅक्टरमागे हात जोडून फिरलो. म्हणून यंदा ठरवलं, गाडी काढायचं सामान स्वतःचं घ्यायचं.

बोईसरला कारखान्यांना हुक, वायर, साखळ्या विकणारं एक दुकान आहे. तिथे मी साखळी बघितली. काळी, जाड, हातात घेतली की खांदा खाली येईल अशी. दुकानदार म्हणाला, "सेठ, ये ले जाओ, हाथी खींच लो." मला ती पसंत होती. मोबाईलवर लोक दाखवतात तो ताणला जाणारा जाड दोरही मी विचारून ठेवला होता, त्याने गाडी झटक्यात बाहेर उडी मारते. तर ही मागून म्हणते, "साखली नको. झटकेवाला दोरही नको. भरलेल्या गाडीला झटका देत नाय. रुंद पट्टा घ्या, आणि ते दांड्याने वायर ओढायचं हाताचं मशीन." मग तिने पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, एकेक उलटी करून बघितल्या आणि ज्यांच्यावर किती टन पेलतात ते ठोकलेलं नव्हतं त्या बाजूला सारल्या. दुकानदार माझ्याशी बोलायचा थांबला आणि तिच्याशी बोलायला लागला. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती सहज म्हणाली, "अण्णांनी."

अण्णा हा शब्द माझा होता. लग्न होऊन आली तेव्हा तिने तो माझ्या तोंडातून उचलला, आणि तुम्ही उचलू दिलात. मला आठवतं, आई गेल्यावर तुम्ही कुणाशी बोलत नव्हतात. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, तारापूरच्या कॉलनीबाहेरच्या आपल्या दोन खोल्यांत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. मग ही आली, समुद्रावरच्या मच्छीमारांच्या घरातली. तिच्या हातची भाकरी तुम्हाला पातळ वाटायची, तिच्या कालवणाला तुम्ही नाक मुरडायचात. मला वाटलं, आता कठीण आहे. आणि एक दिवस मी पहिली पाळी करून घरी येतोय, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलाय आणि विचारताय, "पोरी, तुमच्याकडं होडी वाळूवर कशी वडत्यात गं? एवढी जड?" ती बोंबील साफ करता करता सांगतेय, की होडी ओढायची तर आधी तिच्या खालची वाळू मोकळी करायची, खाली लाकडं घालायची, दोर कुठे बांधायचा, आणि सगळ्यांनी एका दमात, पण हिसका न देता ओढायचं. तुम्ही मान डोलावताय. "आमचं बी तसंच की!" म्हणताय. मी दारात उभा, खांद्याला डब्याची पिशवी, आणि तुम्हा दोघांपैकी कुणी वर बघत नाही. माझ्या मशीनबद्दल तुम्ही मला कधी एक प्रश्न विचारला नाहीत, अण्णा. ती मिनिटाला किती बाटल्या घेते, अडकली की कशी सोडवतात, काही नाही. तिला मात्र दोराची गाठ कशी मारता ते दोनदोनदा विचारायचात आणि सुतळी घेऊन मारून बघायचात.

तर दुकानात मी तिचं सामान घेतलं, आणि हट्टाने साखळीही घेतली. रिक्षात तिने पट्ट्याची शिवण बोटांनी चाचपून बघितली. तिचं ते चाचपणंसुद्धा मला तुमच्यासारखं वाटायला लागलंय.

आठवड्याभरातच ट्रक रुतला. पेंढा भरून शेतातून वर येताना मागची डावी बाजू खचली, गाडी कलली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. शेतवाला ट्रॅक्टर घेऊन आला. तो म्हणाला, "साखल हाय ना? लावा. एका झटक्यात काढतो." मी साखळी काढली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. ती बघत असताना मी ती साखळी गाडीच्या पुढच्या बंपरला अडकवली. ट्रॅक्टर मागे आला, माणसं कडेला गोळा झाली, आणि ही चिखलात उतरली, साखळी सोडवली आणि तिथेच उभी राहिली. "नाय," म्हणाली. मी म्हणालो, बाजूला हो, लोक बघतायत. तर हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "अण्णांनी वायर लावली होती तेव्हाही लोक बघत होते."

मला काही कळलं नाही. पण तिचा चेहरा बघून मी ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं. आम्ही अर्धा पेंढा उतरवला. भारे खाली टाकता टाकता तिने मला सांगितलं. तुम्ही खाडीच्या भरावाच्या कामावर होतात तेव्हा एक डंपर रुतला होता. वायर तुम्ही अडकवलीत. बुलडोझरने हिसका दिला, वायर तुटली आणि उलटी येऊन तुमच्या दोस्ताला लागली. तो बाजूला विडी ओढत उभा होता. तुमच्याच गावचा, तुमच्याबरोबरच कामाला आलेला. तो तिथेच गेला.

अण्णा, तो दोस्त म्हणजे आपले काका, ज्यांच्या घरी आपण दर दिवाळीला जायचो. गावी उतरल्यावर आपल्या घराआधी त्यांच्या घरी. तुम्ही काकूंना लुगडं द्यायचात आणि त्यांच्या मुलाला सदरा, आणि तो माझ्या सदऱ्यापेक्षा चांगल्या कापडाचा असायचा. एका वर्षी मी त्यावरून रडलो होतो आणि तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातला होतात. मला वाटायचं, तुम्हाला तो मुलगा माझ्यापेक्षा आवडतो. पेंढ्याचा भारा हातात धरून मी तिथे उभा राहिलो आणि मला तो धपाटा नव्याने लागला. पण अण्णा, त्याच क्षणी दुसरंही वाटलं. एवढं मोठं दुःख तुम्ही तिच्या हातात दिलंत. मला नाही. ती घरात आली तेव्हा मी तुमच्याजवळ तीस वर्षांचा झालो होतो.

मग तिच्या पद्धतीने केलं. चाकांपुढचा चिखल खणून काढला, फळ्या सरकवल्या. बांधावरच्या आंब्याच्या खोडाला रुंद पट्टा गुंडाळून मशीन लावलं, आणि वायर बंपरला नाही, खाली चासीच्या, गाडीच्या सांगाड्याच्या, हुकाला. वायरवर तिने ओलं पोतं टाकलं, तुटलीच तर उडू नये म्हणून, आणि माणसांना पार पलीकडच्या बांधावर पाठवलं. शेतवाला मशीनचा दांडा मारत होता, मी पहिल्या गिअरमध्ये हळूच रेटत होतो. गाडी काही उडीबिडी मारून आली नाही. वीतवीत करत, कंटाळा येईल अशी आली. फळ्यांवर चढली, हलली आणि सरळ उभी राहिली. शेतवाला तिला म्हणाला, "वहिनी, कुठं शिकल्यात?" ती म्हणाली, "सासऱ्याकडं." मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलो.

येताना मी विचारलं, तुलाच का सांगितलं त्यांनी? मला वाटलं ती काहीतरी समजुतीचं बोलेल, की मला त्रास होईल म्हणून, की मी पाळीवर असायचो म्हणून. ती म्हणाली, "मी कांदा चिरत होते. ते बोलत होते. चिरताना मान खाली असते ना, समोरच्याला बोलायला बरं पडतं." एवढंच. तिने ते मिरवलं असतं तर मला रागावता आलं असतं. तिला त्यात काही मिळाल्यासारखं वाटतच नाही, आणि मी मात्र घरी आल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे.

साखळी परत केली. दुकानदाराने कुरकुर करत घेतली.

आता ती भाकरी थापता थापता तुमच्याबद्दल काहीतरी बोलते, तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरतो आणि पान उलटत नाही. हे पत्र तिला दाखवणार नाही. दाखवलं तर ती शांतपणे वाचेल आणि तुमच्याबद्दलच्या दोनतीन गोष्टी दुरुस्त करेल, आणि तिचंच खरं निघेल.